ताराबाईंची तागडी

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेस स्वतःचे नवजात अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा फर्मावली; पुढे ती सौम्य करण्यात आली. खटला संपला, पण त्याची चर्चा संपली नाही. 'पुणे वैभव' पत्राने ह्या निमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे ओढले. त्यास उत्तर आले ते बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे ह्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटेखानी पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, अमेरिकेत कॅरल गिलिगन ह्यांचे 'इन अ डिफरंट व्हॉइस' प्रसिद्ध झाले. लॉरेन्स कोलबर्ग ह्यांनी नैतिक विकासाची जी पायऱ्यापायऱ्यांची शिडी रचली होती, ती केवळ मुलग्यांच्या उत्तरांवरून, हा गिलिगन ह्यांचा मुख्य आक्षेप. पत्नी मरणासन्न आहे, औषध परवडत नाही. तर पतीने ते चोरावे काय? अकरा वर्षांचा जेक हा प्रश्न गणितासारखा सोडवतो. त्याच वयाची एमी मात्र विचारते, की तो तुरुंगात गेला तर त्या आजारी बाईचे पुढे काय होईल? शिडीच्या हिशेबात एमी खाली राहते. गिलिगन म्हणतात, ती खाली नाही. ती नात्यांची आणि जबाबदारीची निराळी भाषा बोलते आहे.

शतकाची ही जुळणी अभ्यासकास मोहात पाडणारी आहे. ताराबाई म्हणजे त्या 'निराळ्या स्वरा'च्या मराठी पूर्वसूरी, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. पण पुस्तक त्यास दाद देत नाही. त्याच्या नावातच 'तुलना' आहे, आणि तुलनेला तागडी लागते. विजयालक्ष्मीवर दया करा, एवढ्यावर ताराबाई थांबत नाहीत. स्त्रीनिंदेच्या जुन्या संस्कृत श्लोकातले साहस, कपट, संशय हे दोष त्या एकेक करून उचलतात आणि पुरुषांच्या पारड्यात टाकून पाहतात. एकाच अपराधात दोघांचा वाटा असताना दंड एकीलाच का, हा त्यांचा मूळ प्रश्न शुद्ध न्यायाचा आहे. कोलबर्गनीही तो वरच्या पायरीवर ठेवला असता. मात्र तो विचारताना त्यांची भाषा चुलीपुढची, झोंबरी, समोरच्याचे नाक धरून बोलणारी. विधवेचे भय, पुनर्विवाहाची बंदी, घरातली कुजबूज हे सारे तपशील त्यात येतात, आणि न्यायाची मागणी ह्या तपशिलांतूनच उभी राहते.

दुसऱ्या बाजूस जोतीराव फुले पाहावेत. सावित्रीबाईंसह त्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे. १८८४ पर्यंत अशा पस्तीस स्त्रिया आल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. येथे तत्त्वाची चर्चा नाही. अंथरूण आहे, सुईण आहे, दाराआड राखलेली गुप्तता आहे. जेकला न सुचलेले उत्तर एका पुरुषाच्या घरी वीस वर्षे राबत होते. ताराबाईंवर सत्यशोधकांपैकीच काहींनी टीका केली, तेव्हा 'सत्सार'मध्ये (१८८५) त्यांची बाजू ह्याच गृहस्थांनी घेतली.

म्हणजे गिलिगन चुकल्या काय? तसे म्हणणे घाईचे होईल. आपला 'निराळा स्वर' विषयाने ओळखावा, लिंगाने नव्हे, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले होते. तो इशारा त्यांच्या अनुयायांनी फारसा मनावर घेतला नाही. पुढे १९८४ मध्ये लॉरेन्स वॉकर ह्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा स्त्रीपुरुषांच्या निवाड्यांतला फरक अगदी थोडा निघाला. निवाडा करणारा कोठे उभा आहे, ह्याने बहुधा अधिक फरक पडतो. संपादकाला विजयालक्ष्मी हे एक उदाहरण होते. ताराबाईंना तो फास परका नव्हता.

त्यांचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. हे एकही त्र्याण्णव वर्षे जवळजवळ विस्मृतीत पडून राहिले. १९७५ मध्ये स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा कोठे ताराबाईंचा युक्तिवाद मराठी वाचकांपुढे परत आला.