अंगणातली मोसंबी

जुन्या जालन्यातील आमच्या अंगणात आबांनी लावलेली मोसंबी आहे. 2012 च्या दुष्काळात दारी टँकर येई. त्याच वर्षी दोन सरी पडल्या अन् झाड फुलांनी लगडले. आम्ही हरखलो. आबा मात्र गप्प होते.

"पोरी, बागाईतदार पाणी तोडून ताण देतात, तेव्हा बहर येतो. पण हा ताण अति झालाय. शेंडे बघ."

शेंडे वाळले होते, पाने वळली होती. आबांनी नखाने साल खरवडली. आत हिरवे होते. भांडी विसळलेल्या पाण्यावर झाड जगले.

पुढे आबा गेले. शेवटच्या वर्षी ते फार हसत, फार बोलत. आम्ही तेव्हाही हरखलोच होतो. शेंड्यांकडे पाहायचे राहूनच गेले.