उशिरा पोचलेलं संगीत

४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘पाकीझा’ प्रदर्शित झाला, तेव्हा त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद यांना जाऊन चार वर्षं होत आली होती. चित्रपटाचा आरंभ पन्नासच्या दशकातला. आधी कृष्णधवल, मग रंगीत, मग सिनेमास्कोप असं करत दिग्दर्शक कमाल अमरोही थांबत राहिले. छायाचित्रकार जोसेफ विर्शिंगही तोवर गेले होते. गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये वारले आणि त्यांच्या चाली मात्र डब्यांत बंद होत्या.

हे गृहस्थ बिकानेरकडचे, मुळात तबला-ढोलकचे वादक. आयुष्याचा मोठा भाग संगीतकार नौशादांचे सहायक म्हणून गेला. ‘पाकीझा’ ऐकताना मला त्यांच्यातला तालवाला सतत जाणवतो. मांड रागाच्या अंगानं जाणारं लताबाईंचं ते मुजऱ्याचं गाणं घ्या. सुरुवातीला लय इतकी रेंगाळते की नर्तिकेला पाऊल उचलायची घाईच नाही. मग ठेका अंगात भिनतो, लय चढते आणि घुंगरू पुढे धावू लागतात. ही चढण नुसत्या वेगाची नाही. आधीच्या त्या संथपणात जो हट्ट साठवलेला असतो, तोच पुढे मोकळा होतो. ज्याच्या बोटांना ठेका ठाऊक असतो, त्यालाच हे सुचतं.

बाजारातल्या गाण्यात आणखी एक गोष्ट दिसते. मीनाकुमारीची साहिबजान पुढे नाचते आहे आणि मागे दूरवर, रांगेनं उजळलेल्या माड्यांवर इतर मुली नाचताहेत. कॅमेरा त्यांच्याजवळ जातही नाही. पण त्या दिसल्या की एका साहिबजानची तक्रार अख्ख्या मोहल्ल्याची होऊन जाते. हा मोहल्ला उभा केला कलादिग्दर्शक एन. बी. कुलकर्णी यांनी, आणि ‘पाकीझा’ला फिल्मफेअर पारितोषिक मिळालं ते त्यांच्या कलादिग्दर्शनाचं. ते रास्तच होतं. त्या भिंती, ती कारंजी, ती झुंबरं नसती तर गाण्यांना घर नसतं. पण घराला मान मिळाला आणि आत गाणाऱ्याला नाही, ही गोष्ट मला आजही सलते.

संगीताचं पारितोषिक ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशन यांना गेलं. त्याच चित्रपटासाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचं पारितोषिक जाहीर झालं होतं. ते त्यांनी नाकारलं. संगीताचा मान गुलाम मोहम्मद यांचा होता, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या हातात येणारी बाहुली दुसऱ्यासाठी, तेही हयात नसलेल्या माणसासाठी सोडून देणं, याला केवढं मन लागतं!

गेलेल्या माणसाला कशाला द्यायचं, असा युक्तिवाद कधीकधी कानावर येतो. तो टिकत नाही. जयकिशन सप्टेंबर १९७१ मध्येच गेले होते. मला खरं कारण वेगळं वाटतं. पारितोषिकं वर्षाची असतात आणि हे संगीत त्या वर्षाचं नव्हतंच. तोवर राहुलदेव बर्मनच्या गिटारनं तरुणांना वेड लावलं होतं आणि सारंगी, तबला, घुंगरू यांचा हा जमाना मागे पडला होता. ज्या काळासाठी चाली बांधल्या तो काळ निघून गेल्यावर त्या परीक्षकांपुढे आल्या. तरीही अमरोहींनी त्या बदलल्या नाहीत, याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पार्श्वसंगीताचं काम नौशादांनी पुरं केलं. ज्याला सहायक म्हणून राबवलं, त्याच्या अपुऱ्या कामाला उस्तादानं हात लावला.

आगगाडीची ती शिट्टी आठवा. मुजरा संपत येतो, रात्र सरत येते आणि लांबून शिट्टी ऐकू येते. साहिबजानच्या पायांचं कौतुक करणारी चिठ्ठी एक अनोळखी माणूस गाडीतच ठेवून गेला होता. मैफलीतल्या कुणालाच ते माहीत नाही. फक्त तिला आणि आपल्याला. गाण्याच्या शेवटाशी शिट्टी अशी जुळवून घेणं म्हणजे कथाच सुरांत ओवणं होय. त्यासाठी वेगळं पारितोषिक कुठं असतं?

१९७७ मध्ये ‘पाकीझा रंग बरंग’ नावाची तबकडी निघाली. गुलाम मोहम्मद यांनी याच चित्रपटासाठी बांधलेली, पण पडद्यावर न आलेली गाणी तीत आहेत. ना प्रसंग, ना झुंबरं, ना मीनाकुमारी. तरी त्यांतली लताबाईंची गाणी ऐकताना मी अजून हातातलं काम बाजूला ठेवतो. एका चित्रपटासाठी या माणसानं किती करून ठेवलं होतं ते तिथं कळतं, आणि प्राण यांचा राग किती खरा होता तेही.