गिरणीचा भोंगा आणि आमचे नागपूर

वाशीम-पुसद रस्त्यावरचे अनसिंग हे आमचे गाव. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला. आमच्या लहानपणी गाव अकोला जिल्ह्यात होते. भोवती काळी जमीन, तिच्यात कापूस, तूर, ज्वारी. गावात गिरणी होती ती पिठाची. पण आमच्या घरात 'गिरणी' म्हटले की कोणालाच पीठ आठवत नसे. नागपूर आठवे. आमचे मोठे बाबा तिथल्या एका कापडगिरणीत सूतखात्यात कामाला होते.

१९६५ नंतरची दहा-बारा वर्षे आम्ही भावंडे आईबरोबर दसऱ्याला नागपूरला जात असू. अनसिंगहून एस.टी.ने वाशीम, तिथून छोट्या रुळाच्या गाडीने अकोला, आणि अकोल्याला गाडी बदलून बडनेरा, वर्धा करीत नागपूर. सोबत ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि मोठ्या आईसाठी तुरीच्या डाळीचे गाठोडे. वाटेतल्या स्टेशनांवर कापसाच्या गासड्या रचलेल्या दिसत. हा कापूस आपल्याच रानातला असेल का, यावर आमची भांडणे होत.

त्या गासड्यांमागची हकीकत आम्हाला मोठेपणी कळली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज पडली. पिकवायचे वऱ्हाडने आणि कापड विणायचे मँचेस्टरकडच्या गिरण्यांनी, असा तो व्यवहार. जमशेदजी टाटांनी लँकेशायरचे काम जाऊन पाहिले आणि कापूस पिकतो त्या मुलखातच गिरणी काढायचे ठरविले. ज्याला आज गांधीसागर म्हणतात त्या जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढली आणि १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल. पुढे मॉडेल मिलही निघाली. खेड्यापाड्यांतले भूमिहीन लोक पोटासाठी नागपुरात आले. त्यांत आपला समाज मोठ्या संख्येने होता.

मोठे बाबा इंदोऱ्यात एका खोलीत राहत. त्या एका खोलीत त्यांची पाच माणसे आणि वर आम्ही चार पाहुणे. पहाटे भोंगा झाला की मोठी आई हाक मारी, "पोट्टेहो, उठा रे, भोंगा झाला!" अंधारातच गल्लीतून सायकलींची रांग निघे. प्रत्येकाच्या हँडलला जेवणाचा डबा. अनसिंगला दिवस सूर्यावर चाले, इथे भोंग्यावर. रातपाळीची माणसे परतली की त्यांच्या केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू चिकटलेले असत. आम्ही हसायचो. तोच कापूस छातीतही जातो, हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार? साच्यांच्या आवाजात राबून मोठे बाबा घरीही मोठ्याने बोलत. ते रागावले आहेत असे आम्हाला वाटे.

पण पगाराच्या दिवशी त्यांचा आवाज वेगळाच असे. अनसिंगला आमचे बाबा दुसऱ्याच्या शेतात राबत. मजुरी कधी, किती आणि धान्यात की पैशात, हे मालक ठरवी. गिरणीत तारीख ठरलेली, रक्कम कागदावर लिहिलेली. त्यातून दरमहा एक मनीऑर्डर अनसिंगला येई. पोस्टमन वस्तीत येऊन मोठ्याने नाव घेई आणि बाबा सदऱ्याला हात पुसून अंगठा लावीत. आमची पुस्तके, फी, ताईचे वसतिगृह हे सारे त्या मनीऑर्डरीवर झाले.

गिरणीत जात नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळाची ती अडचण पुढे केली जाई. त्याच खात्यात मजुरी चांगली होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. मोठे बाबा ही गोष्ट सांगून म्हणत, "यंत्राले जात नसते रे, ते चालवणाऱ्यांची असते."

दसऱ्याच्या दिवशी मोठी आई ट्रंकेतले पांढरे लुगडे काढी. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती तेच नेसून दीक्षा घ्यायला गेली होती. दीक्षाभूमीवर तेव्हा आजचा स्तूप नव्हता, मोकळे मैदान होते. त्या गर्दीत आम्ही तिच्या पदराला धरून चालत असू. आमच्या रानातला कापूस आणि तिचे पांढरे लुगडे, या दोहोंमध्ये मोठ्या बाबांची पाळी उभी होती, हे आज लिहिताना लक्षात येते.

१९८६ साली एम्प्रेस मिल टाटांकडून सुटून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. २००२ साली ती कायमची बंद झाली. तिथे आता मॉल उभा आहे. मोठ्या बाबांचे काम त्याआधीच सुटले होते. त्यानंतरही कितीतरी दिवस ते पहाटे ठरल्या वेळी उठून बसत. मोठी आई विचारी, "कुठं चाललात?" ते म्हणत, "कुठं नाही. जाग आली."

लोक म्हणतात, जुने दिवस चांगले होते. आम्हाला तसे म्हणवत नाही. ती धूळ, तो खोकला, ती नऊ माणसांची खोली परत यावी असे कोणाला वाटेल? आम्हाला आठवते ती पगाराची ठरलेली तारीख. आज आमच्या भाच्यांना शहरात काम मिळते, पण ते कंत्राटावर. पुढच्या महिन्यात असेल की नाही, त्यांनाच ठाऊक नसते.

मोठे बाबा आणि मोठी आई दोघेही आता नाहीत. लुगडे आमच्याकडे अनसिंगला आहे. वाचकहो, आपल्या घरी गिरणीत राबलेले कोणी वडीलधारे असतील तर त्यांना एकदा जवळ बसवून विचारा. पाळी कोणती होती, खाते कोणते होते, पहिला पगार किती होता. मुलांच्या वहीत ते लिहून ठेवा. आम्ही विचारायला उशीर केला.