प्लगचा रंग

थर्ड इयरला आयसी इंजिनच्या तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "टू-स्ट्रोकला एक्सपान्शन चेंबर कशासाठी लावतात?" मी इतकं पोटतिडकीनं उत्तर दिलं की सर म्हणाले, "वाचलंयस की भोगलंयस?" भोगलंय सर. ती गोष्ट हॉस्टेलमध्ये तुकड्यातुकड्यांत सगळ्यांना माहीत आहे, पण प्रत्येक रूममध्ये तिचं वेगळंच व्हर्जन फिरतंय. म्हणून खरी काय ती एकदाच लिहून टाकतो.

माझा मामेभाऊ कल्याणचा, पारनाक्यावरचा. तो शारजात जेट स्की रिपेअर करतो. आपण जुहूला किंवा मालवणला बघतो ती बसायची स्कूटर नव्हे, तर उभं राहून चालवायची. हिला सीट नसते. पुढे बिजागरीवर वर-खाली होणारा एक लांब दांडा, त्याला हँडल, आणि मागे उघडा ट्रे. पाण्यात पोटावर पडून सुरुवात करायची, वेग आला की गुडघ्यावर आणि मग उभं राहायचं. मनगटाला दोरी असते, माणूस पडला की ती निघते आणि इंजिन बंद! कावासाकीनं १९७३ साली पहिली विकायला काढली ती अशीच उभ्याची होती. यामाहाची सुपरजेट १९९० पासूनची. तिचं ७०१ सीसीचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन बरीच वर्षं चाललं, २०२१ ला फोर-स्ट्रोक आली. पण दादाकडे येणारी गिऱ्हाइकं जुन्याच घेऊन येतात. कंपनीचा पाइप काढून दुसरा लावा, कार्बन फायबरच्या रीड टाका, इम्पेलरचा पिच बदला, खालची राइड प्लेट बदला. अर्धी मशीन बाहेरच्या पार्टची होते.

गणपतीत दादा सुट्टीवर आला आणि गॅलरीत बसून मला हे सगळं समजावत होता. सिलिंडरमधून बाहेर पडलेली दाबाची लाट चेंबरच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि बाहेर निसटू बघणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. ती वेळेवर परत आली तरच फायदा. लाटेचा वेग गॅसच्या तापमानावर ठरतो. म्हणून जेट स्कीच्या काही पाइपांत चक्क पाणी सोडतात, गॅस थंड करून लाट हळू करायला. एका स्क्रूनं ते पाणी कमी-जास्त करायचं. थर्मोडायनॅमिक्सचं अख्खं सेमिस्टर मला असं कुणी शिकवलं नव्हतं.

आता माझ्याकडे कुठली आलीय जेट स्की! डोंबिवलीत पाणी म्हणजे रेतीबंदरची खाडी, नाहीतर पावसात स्टेशनबाहेर. पण पार्किंगमध्ये बाबांची आरएक्स १०० होती. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, यामाहाच. भारतात ती १९८५ ते १९९६ निघाली. बाबांची १९९५ ची, लग्नाआधी ओव्हरटाइमच्या पैशांवर घेतलेली. याच गाडीवरून ते डोंबिवली ते तळोजा शिफ्टला जातात. मी म्हटलं, "दादा, हिला करू." दादा नको म्हणाला नाही. हात शिवशिवत होतेच त्याचे.

बाबा चार दिवस गावी गेले होते. बाहेरचा चेंबर आणला. हँड ग्राइंडरनं एक्झॉस्ट पोर्टचं तोंड जवळजवळ दीड मिलिमीटर वर नेलं. एअर फिल्टर मोकळा केला. (गाडीत मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल करायला कायद्यानं बंदी आहे, २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. हे मला नंतर कळलं असं मी लिहिणार नाही. आधीच माहीत होतं.) गाडी मानपाडा रोडवर अशी उडाली की मी आनंदानं ओरडलोच.

जायच्या रात्री दादानं बजावलं होतं, "हवा वाढवलीय, तर पेट्रोलही वाढवावं लागणार. मेन जेट मोठा टाक. फुल थ्रॉटलवर पळव, बंद कर आणि प्लग काढून बघ. बिस्किटासारखा तपकिरी असला तर ठीक, पांढरा असला तर एक मीटर पुढे जायचं नाही." मी हो हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. बाबा परत आले, आवाज ऐकून म्हणाले, "सायलेन्सर फुटलाय का रे?" मी म्हटलं, नवीन लावलाय. इतकंच.

तिसऱ्या दिवशी सेकंड शिफ्ट करून बाबा रात्री निघाले. शिळफाट्याला कंटेनरची रांग. जेट स्कीला पंपातून सतत थंड पाणी मिळतं, आरएक्सला फक्त वारा, तोही गाडी चालू लागली तरच. तापलेलं इंजिन घेऊन बाबा अर्धा तास रांगते आणि मग मोकळा रस्ता मिळाला म्हणून त्यांनी पीळ दिला. पलावाच्या अलीकडे पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटला. मागचं चाक जागेवर जाम. मागून कंटेनर येत होता.

बाबा वाचले ते एका सवयीमुळे. जुने टू-स्ट्रोकवाले दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात. त्यांनी क्लच दाबला, चाक सुटलं, गाडी डाव्या बाजूला मातीत गेली आणि ते पडले. कोपर आणि गुडघा सोलला. पुढे काटई नाक्यापर्यंत गाडी ढकलत आले. घरी पोहोचले तेव्हा दीड वाजला होता. आई दार उघडून उभी होती, मी आत झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

सकाळी मी सगळं सांगितलं. बाबा चिडले नाहीत, तेच जड गेलं. त्यांनी पाना आणायला लावला, प्लग काढला आणि माझ्या हातावर ठेवला. खडूसारखा पांढरा होता. "तू बघितला होतास?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि शर्ट घालून रिक्षा बघायला गेले.

सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, स्टँडर्ड सायलेन्सर परत लावला. त्यासाठी माझे मिनी प्रोजेक्टचे पैसे गेले. पण पोर्टचं घासलेलं लोखंड काही परत येत नाही. खालच्या आरपीएमला गाडी आता पूर्वीसारखी ओढत नाही. डबलसीट चढ आला की बाबा गिअर उतरवतात, काही बोलत नाहीत. मीच मागे बसून उगाच हलका व्हायचा प्रयत्न करतो.

हॉस्टेलवरून घरी गेलो की रविवारी सकाळी मी प्लग काढून ओट्यावर ठेवतो. बाबा चहा पिता पिता बघतात. गेल्या रविवारी म्हणाले, "पार्ले-जी."