चेरीतालचे पाणी आणि होडीचे हत्यार

वाचकहो, जबलपूरला गेलात तर चेरीताल अवश्य पाहावे. मात्र तेथे तळे शोधू नये. चेरी म्हणजे दासी. राणी दुर्गावतीने राणीताल बांधविले, तिच्या दासीने चेरीताल आणि मंत्री आधारसिंह याने आधारताल, अशी लोककथा या शहरात सांगितली जाते. राणीने १५६४ साली मोगल सैन्याशी लढताना रणांगणावर देह ठेवला. दासीचे तळे पुढे बुजले आणि त्या जागी घरे व दुकाने उभी राहिली. आता पाणी उरले आहे ते केवळ नावात.

होडी पाहावयाची तर नर्मदेकडे वळले पाहिजे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नावाडी वल्ह्यांनी होड्या नेतात. शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर बरगीचे धरण आहे. त्याचे काम १९७४ मध्ये सुरू झाले व १९९० मध्ये पुरे झाले. धरणामागचा जलाशय सुमारे ७५ किलोमीटर लांब आहे. एवढ्या पाण्यावर वल्ह्यांचा निभाव कोठून लागणार? अशा ठिकाणी होडीच्या मागील फळीला अडकविण्याचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, उपयोगी पडते. ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत १९०९ साली अशा मोटारी विकावयास आरंभ केला.

मोटारीच्या माथ्यावर फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. ठिणगी पाडणारी वेटोळी बहुधा त्याच्याच खाली दडलेली असतात. ती तपासावयाची तर चाक उतरविणे भाग पडते. परंतु निमुळत्या दांड्यावर ते इतके घट्ट बसलेले असते, की नट काढला तरी हलत नाही. येथे उतावळा मनुष्य हातोडा उचलतो, नाही तर मोटारगाडीचा नख्यांचा पुलर चाकाच्या कडेला लावतो. परिणामी चाक वाकते, आतील चुंबक तडकतात आणि लहानशा दुरुस्तीचा मोठा खर्च होतो.

यासाठी निराळा पुलर असतो. त्याची जाड पट्टी चाकाच्या मध्यभागाजवळील आटे पाडलेल्या भोकांत बोल्टांनी बसवितात आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर हळूहळू आवळतात. जोर नेमका मध्यावर पडतो व चाक सुटते. मात्र बोल्ट मोजूनच घ्यावेत. जुन्या अमेरिकी मोटारींचे आटे इंचाच्या मापाचे असतात, जपानी मोटारींचे मिलिमीटरचे. बोल्ट लांब झाला तर तो खालची वेटोळीच फोडतो.

केरळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या होड्यांना अशा मोटारी सर्रास असतात, तेव्हा तेथील कारागिराला हा पुलर नवा नाही. समुद्रापासून दूर असलेल्या जबलपुरात तो प्रत्येक दुकानात मिळेल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ. तथापि हे शहर लोखंडाला अपरिचित नाही. येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा. अशा गावात लेथ चालविणाऱ्या हातांना तीन भोकांची पोलादी पट्टी करून देणे अवघड नाही. गिऱ्हाइकाने मोटारीची पुस्तिका आणि भोकांची अचूक मापे तेवढी सोबत न्यावीत.

चाक परत बसविताना दांडा पुसून कोरडा करावा, अर्धचंद्राकृती चावी धड आहे की नाही ते पाहावे, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या जोराने, जोर दाखविणाऱ्या पान्यानेच नट आवळावा. नट सैल राहिला तर ती चावी तुटते, ठिणगीची वेळ चुकते आणि मोटार बंद पडते. गाडी रस्त्यात बंद पडली तर मनुष्य उतरून चालू लागतो. बरगीच्या मध्यभागी, वारा सुटलेला असताना, होडीतील मुलाबाळांना ती सोय नसते. म्हणून मोटारीची होडी बाळगणाऱ्याने वल्ही घरी ठेवू नयेत आणि पुलर मिळेपर्यंत हातोड्याला हात लावू नये.