फांगण्याची आजीबाईंची शाळा

कल्याणच्या एस.टी. स्टँडवरून मुरबाडची गाडी धरली की शहाड, म्हारळ, कांबा ही दाट वस्ती हळूहळू मागे पडते. रायत्याच्या पुलाखाली उल्हास नदी दिसते, गोवेली जाते आणि दोन्ही अंगांना भातशेती सुरू होते. याच मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे शेतकरी गाव आहे. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ येथील आपल्या वस्त्यांपासून ते काही फार दूर नाही. या गावाचे नाव देशाबाहेर गेले ते आजीबाईंच्या शाळेमुळे.

२०१६ च्या फेब्रुवारीत गावात शिवजयंतीनिमित्त वाचन चालू होते. ते ऐकताना म्हाताऱ्या बायांनी मनातली गोष्ट बोलून दाखवली, की आम्हालाही असे वाचता आले असते तर! जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी हे बोलणे हसण्यावारी नेले नाही. अवघ्या काही दिवसांत, ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस आजी दप्तर पाठीला लावून वर्गात येऊन बसल्या.

या शाळेला मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने मदतीचा हात दिला. पाट्या, दप्तरे, फळा आणि गणवेश म्हणून गुलाबी लुगडी मिळाली. सगळ्या आजी एकाच रंगात बसल्या की सधवा कोण, विधवा कोण, हे कपड्यावरून ओळखू येत नाही. आपल्या समाजाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु बंधू-भगिनींनो, पाटी-दप्तर दिले म्हणजे शाळा चालते असे नाही. देणगीदार पाटी देतो; त्या पाटीवर रोज अक्षर उमटावे याची सोय गावालाच करावी लागते. फांगण्यात ती तीन गोष्टींनी झाली. पहिली, वेळ बायकांच्या सोयीची ठेवली. घरातले, शेतातले काम उरकल्यावर दुपारी दोन ते चार वर्ग भरू लागला. दुसरी, शिकवणारी बाहेरून आणली नाही. गावातलीच सून बाई झाली आणि तिची सासू विद्यार्थिनी! तिसरी, नातवंडांना हाताशी धरले. आजी घरी गेली की नातू तिचा अभ्यास घेऊ लागला. या तिन्ही गोष्टींना पैसा लागला नाही, आणि शाळा उभी राहिली ती यांच्याच जोरावर.

आता आपल्या विहाराकडे पाहू. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात गावोगावी, वस्तीवस्तीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी वाचते आणि पांढऱ्या साडीतल्या आपल्या आया, आज्या हात जोडून ऐकतात. त्रिशरण-पंचशील त्यांना तोंडपाठ आहे, वंदना एका दमात म्हणतात. पण पुस्तक पुढे ठेवले तर ओळ कोठे सुरू होते हे अनेकींना सांगता येत नाही. रेशन दुकानात, बँकेत, पेन्शनच्या कागदावर आजही अंगठा पुढे करावा लागतो. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले, त्यांच्याच हाती बाबासाहेबांचा ग्रंथ अजून बंद राहावा काय? फांगण्याच्या आजींची जी इच्छा होती, तीच आपल्या विहारात दर वर्षावासात बसलेली असते. आपण ती विचारत नाही, एवढाच फरक.

असा वर्ग सुरू करायचा तर आधी वस्तीत घरोघर फिरून नावे लिहावीत. धुणीभांडी करणाऱ्या, कारखान्यात जाणाऱ्या भगिनींना कोणती वेळ जमते ते त्यांनाच विचारावे. डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू असेल किंवा चष्मा नसेल तर अक्षर दिसणार कसे? देणगीतला पहिला खर्च चष्म्यावर झाला तर तो वाया जात नाही. केंद्र सरकारच्या २०२२ ते २०२७ या काळासाठीच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढील निरक्षरांना स्वयंसेवक शिकवतात आणि शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान यांची दीडशे गुणांची चाचणी होते. जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत त्याची चौकशी करावी.

पैशाच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून राहावे. मोठी देणगी सहसा नोंदणीकृत संस्थेच्या बँक खात्यातच येते. विहार समितीची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, पण कार्यकारिणी बदलल्यावर नव्वद दिवसांत द्यायचा बदल अर्ज कित्येकदा राहून जातो. मग कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात, सह्यांवरून वाद होतात आणि आलेला देणगीदार परत जातो. दर देणगीची पावती फाडावी, दर खर्चाचे बिल ठेवावे, दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा आणि महिन्याचा जमाखर्च विहाराच्या फळ्यावर लिहावा. शिकणाऱ्या आजीला तो वाचता आला, तर शिक्षण आणि हिशेब दोन्ही खरे ठरले असे समजावे.

देणगी एक वर्ष येईल, दुसऱ्या वर्षी येणार नाही. म्हणून घरटी दरमहा थोडी वर्गणी पहिल्यापासूनच ठेवावी. खडू आणि दिवाबत्ती तेवढ्यावर निभते. देणगीवर वर्ग सुरू व्हावा, पण तिच्यावाचून तो बंद पडू नये.

एखाद्या रविवारी कुटुंबासह मुरबाडच्या बाजूला जरूर जावे, मुलांना फांगण्याच्या शाळेची गोष्ट सांगावी. परतल्यावर आपल्या विहारात एक फळा टांगावा. पुढच्या आषाढी पौर्णिमेला ग्रंथाचे पहिले पान वस्तीतल्या एखाद्या आजीने, बोट ठेवून का होईना, स्वतः वाचावे. जयभीम!