मस्कतचे पंधरा तास

फ्रँकफुर्टच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबाला एक जोडधंदा आपोआप चिकटतो. तो म्हणजे विमानतळावर अडकलेल्या आप्तेष्टांना सल्ला देणे! अमेरिकेला निघालेला कुणाचा मेव्हणा, लंडनहून परतणारी कुणाची मावशी, सगळ्यांचा एकच प्रश्न, "अहो, मध्ये आठ तास आहेत, काय करू?" आमचे उत्तर आता तोंडपाठ झाले आहे. एस-आठ किंवा एस-नऊ ही लोकल पकडा, बारा-पंधरा मिनिटांत मुख्य स्टेशन येतं. तिथून रोमरचा चौक बघा, माइन नदीवरच्या लोखंडी पुलावर फोटो काढा, एक कॉफी प्या आणि मुकाट्याने परत या. सहा तासांपेक्षा कमी वेळ असेल तर बाहेर पडूच नका.

दुसऱ्याला सल्ला देणं सोपं असतं. गेल्या डिसेंबरात पाळी आमच्यावर आली. नाताळच्या सुटीत पाच तिकिटं थेट विमानाची काढायची म्हणजे एखादी जुनी मोटार विकत घेण्यासारखं. म्हणून मस्कतमार्गे जायचं ठरलं. स्वस्त तिकिटाची मेख अशी, की सकाळी सातला मस्कतला उतरायचं आणि मुंबईचं विमान रात्री दहाला. पंधरा तास! सोबत दोन मुलं आणि तीन महिने आमच्याकडे राहून परत निघालेली, गुडघ्याने कुरकुरणारी बाहत्तर वर्षांची आई.

आमच्यातला एक जण आखेनहून एम.एस. केलेला इंजिनिअर. त्यामुळे प्रवासाआधी कागदावर गणित मांडलं गेलंच. पंधरा तासांतून उतरून बाहेर पडायला दीड तास वजा, रात्री तीन तास आधी परत यायचं ते वजा, एक तास राखीव. उरले साडेनऊ. त्यात चार पर्याय बसत होते. पहिला, विमानतळाजवळच्या हॉटेलात झोपा काढणे. दुसरा, सुलतान काबूस मशीद आणि आजूबाजूचं नवं मस्कत. तिसरा, मत्रा, म्हणजे जुनं बंदर, बाजार आणि किल्ले. चौथा, निझवा. ओमानची ही जुनी राजधानी डोंगरापलीकडे, जायला दीड-पावणेदोन तास आणि यायला तेवढेच.

मुलांनी निझवाच्या बाजूने जोरदार प्रचार केला. तिथे सतराव्या शतकातला प्रचंड गोल बुरूज आहे आणि शत्रूवर खजुराचा उकळता पाक ओतायची सोय आहे, हे चिरंजीवांनी कुठेतरी वाचलं होतं. चौदा वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय हवं? कन्येला मशिदीतला गालिचा बघायचा होता. आम्हा दोघांना, खरं सांगायचं तर, झोप हवी होती. आई म्हणाली, "मला कशाला विचारता? पोरांना काय हवं ते बघा. मी आपली विमानतळावर जप करत बसेन."

मंडळी, आपल्या आयांचं हे वाक्य तुमच्या परिचयाचं असेलच. त्याचा अर्थ शब्दकोशात सापडत नाही.

आमचे अण्णा १९७९ ते १९८८ अशी नऊ वर्षं मस्कतला होते. चिपळूणजवळच्या गावातून मुंबईला आले आणि तिथून 'द्वारका' बोटीने गेले. मुंबई, कराची, मस्कत करत आखातात जाणारी ही बोट १९८२ पर्यंत चालू होती. मत्राच्या बंदरात क्रेनची दुरुस्ती करणाऱ्या एका ठेकेदाराकडे ते मेकॅनिक होते. ठरावीक पगाराच्या खाली कुटुंब आणायची परवानगी नसे. म्हणून दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुटी आणि एरवी पत्रं. सुरुवातीला एका रियालला वीस-पंचवीस रुपये मिळत. त्या रियालांतून गावचं घर झालं, आत्याचं लग्न झालं आणि आमच्या इंजिनिअरिंगची पहिली फीसुद्धा त्याच पुंजीतून गेली. अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली. ज्या गावाने हे सगळं दिलं, ते गाव आईने कधी पाहिलं नव्हतं. दर वेळी विमान आखातावरून जायचं तेव्हा ती खिडकीतून खाली बघायची, एवढंच.

हे सारं आम्हाला ठाऊक होतंच. पण जायचं तरी कुठे? अडचण अशी, की अण्णांचा पत्ता म्हणजे नुसता टपालपेटीचा क्रमांक. ओमानात पोस्टमन दारात पत्र आणून देत नसे. पत्र रुवीच्या कचेरीतल्या पेटीत पडायचं आणि ज्याचं त्याने जाऊन आणायचं. खोली कुठल्या गल्लीत होती हे आईलाही माहीत नव्हतं. ठेकेदाराचा धंदा केव्हाच बंद झालेला. दोन कोपऱ्यांचा पत्ता नसलेल्या जागी साडेनऊ तासांतले किती घालवायचे? त्यापेक्षा मुलांना निझवा दाखवला तर निदान काहीतरी हाती लागेल, असाही एक विचार आमच्यात झाला. एका रात्री जेवताना कन्या सहज म्हणाली, "आजी, आजोबांचा बॉक्स नंबर किती होता?" आईने ताटावरून मान वर न करता तीन आकडे सांगितले. सदतीस वर्षांनी! चिरंजीवांनी गुपचूप निझवाचा कागद घडी करून ठेवला. मतदान तिथेच संपलं.

आईचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे तिचा ई-व्हिसा आधीच काढून ठेवला होता. (व्हिसाचे नियम बदलत असतात. तुमच्या पासपोर्टाला काय लागतं ते तिकीट काढण्याआधी बघा, नंतर नव्हे!) बाहेर पडलो तर डिसेंबरातलं कोवळं ऊन, आपल्या कोकणातल्या माघासारखं. ओमानात टॅक्सी चालवणं हा धंदा स्थानिकांसाठी राखलेला. आमचे चालकही पांढरा डगला आणि भरतकामाची टोपी घातलेले साठीचे गृहस्थ होते. पण पहिलंच वाक्य, "बैठो अम्मा, आराम से।" असं अस्खलित हिंदीत!

मशीद सकाळी आठ ते अकराच बिगरमुसलमानांना खुली असते आणि शुक्रवारी बंद, म्हणून आधी तिथेच गेलो. २००१ मध्ये झालेल्या या मशिदीला तीन लाख टन वालुकाश्म आपल्या भारतातून गेला आहे. बायकांनी डोकं, हात, पाय झाकायचे. आईने पदर घेऊन वर शाल लपेटली. आत चौदा मीटर उंचीचं झुंबर आणि पायाखाली तो गालिचा. एकवीस टन वजन, एकशे सत्तर कोटी गाठी. खुरासानच्या सहाशे बायका तो चार वर्षं विणत होत्या. कन्येने हे सगळं आजीला वाचून दाखवलं. आई बराच वेळ गालिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सहाशे जणी! आणि त्यातल्या किती जणींनी तो इथे अंथरलेला बघितला असेल गो?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

तिथून रुवी. आज रुवी म्हणजे भारतीय उपाहारगृहं, सोन्याची दुकानं आणि पैसे पाठवणाऱ्या पेढ्यांची गजबज. १९७३ मध्ये सीबला विमानतळ होण्याआधी मस्कतची धावपट्टी याच भागात होती. चालकबुवांना आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी आम्हाला टपाल कचेरीशी उतरवलं आणि स्वतःही आत आले. भिंतभर लहान लहान धातूच्या पेट्या, प्रत्येकीवर क्रमांक. चिरंजीव पुढे धावले आणि दोन मिनिटांत ओरडले, "आजी, हा बघ!" पेटी आता दुसऱ्या कुणाच्या नावावर असणार. आई जवळ गेली, चष्मा पुसला, क्रमांक वाचला आणि म्हणाली, "एवढीशीच? मला वाटायचं चांगली मोठी पेटी असेल."

मग ती कधी न सांगितलेलं सांगू लागली. तेव्हा सुटी शुक्रवारची, म्हणून अण्णा गुरुवारी संध्याकाळी चालत पेटी बघायला यायचे. पत्र नसलं की पुढच्या पत्रात तसं लिहायचे नाहीत, फक्त अक्षर बारीक व्हायचं. "मला तेवढ्यावरून कळायचं," ती म्हणाली. आम्हाला ती पत्रं माहीत होती, पण अक्षराची ही गोष्ट माहीत नव्हती.

दुपारी मत्राला गेलो. आधी मासळीबाजार. आईने सुरमईचे कल्ले उघडून बघितले, भाव विचारला, रियालचे रुपये केले आणि चिपळूणच्या मानाने महाग असल्याचा निकाल दिला. विक्रेता हसत होता. समुद्रकाठच्या रस्त्याला आम्ही बाकावर बसलो. समोर बंदर, वर टेकडीवर किल्ला. अण्णा पत्रांऐवजी कधीकधी कॅसेट पाठवायचे. तीत मागे बोटींचे भोंगे ऐकू येत आणि अण्णा मध्येच थांबून म्हणत, "हा जपानी बोटीचा." बंदर आता शांत आहे. मालवाहतूक २०१४ मध्ये सोहारला गेली आणि इथे प्रवासी जहाजं लागतात. क्रेनचा खडखडाट नाही, भोंगा नाही. आई तासभर बसली. मुलंसुद्धा बसली, हे विशेष!

मुलाला किल्ल्याची कथा हवी होती. मस्कतची खाडी राखणारे जलाली आणि मिरानी हे किल्ले पोर्तुगीजांनी १५८० च्या दशकात बांधले. १६५० मध्ये ओमानींनी पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये, म्हणजे त्यानंतर ८९ वर्षांनी. आपला आणि यांचा शत्रू एकच होता, हे ऐकून चिरंजीव खूष. नाती पुढेही राहिली. १९७० पर्यंत ओमानच्या किनाऱ्यावर रुपयाच चालायचा. रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत असे. आजही रियालचा हजारावा भाग म्हणजे 'बैसा', आपला पैसाच! सुलतान काबूस यांचे आजोबा सुलतान तैमूर यांनी १९३२ मध्ये गादी सोडली आणि १९६५ मध्ये ते वारले ते आपल्या मुंबईत.

बाजारात लोबानाचा वास दरवळत होता. अण्णा दर सुटीला टँग, टायगर बाम आणि लोबानाचे खडे आणत. आईने पाव किलो घेतला आणि ओमानी हलव्याचा एक डबा. तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी. मुलांना तो आपल्या माहीमच्या हलव्याचा चुलतभाऊ वाटला. संध्याकाळी जुन्या मस्कतात राजवाड्याजवळच्या शंकराच्या देवळात गेलो. कच्छी भाटिया व्यापाऱ्यांचं हे देऊळ शंभरावर वर्षांचं आहे. महाशिवरात्रीला अण्णा इथे येत, हे मात्र पत्रांत होतं. आईने लोबानातला एक खडा तिथे ठेवला.

रात्री विमानात ती लगेच झोपली. सबंध दिवसात एकदाही गुडघ्याची तक्रार नाही!

निझवाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. परतीला आम्ही चौघंच होतो, तेव्हा मुलांचं देणं फेडलं. भाड्याची गाडी घेतली. बुरूज बघितला, पाक ओतायची भोकं बघितली. पण खरी मजा आली ती फलज दारिस बघून. डोंगराखालचं पाणी नुसत्या उतारावर मैलोन् मैल आणणारे हे कालवे २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. पाण्याचे वाटे वेळेप्रमाणे ठरलेले. पूर्वी दिवसा सावली आणि रात्री तारे बघून पाळी मोजत. कोकणातल्या आगरात पाटाचं पाणी आणि त्याची पाळी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. अण्णांनी पत्रात एकदा "इथेही पाट आहेत" असं लिहिलं होतं म्हणे. आम्ही फोटो पाठवला तेव्हा आईने सांगितलं.

असो. आता पुन्हा जोडधंद्याकडे. मस्कतला सहा तासांहून कमी असतील तर विमानतळावरच थांबा. आठ-दहा असतील तर सकाळी मशीद आणि नंतर मत्रा. बाराच्या वर असतील आणि सोबत गाडीत बसू शकणारी माणसं असतील तर निझवा. मे-जूनमध्ये दुपारी उघड्यावर फिरू नका, पारा चाळिशीच्या वर जातो. टॅक्सीचं भाडं आधी ठरवा. आणि यादी करायच्या आधी बरोबरच्या वडीलधाऱ्यांना विचारा. "मला कशाला विचारता?" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, शक्यतो नातवंडांकरवी. आपल्यातल्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी मस्कत, दुबई, कुवेत, बहारीनला आयुष्याची दहा वर्षं देऊन आलेलं आहे. आपण त्या गावांवरून दर दोन वर्षांनी उडत जातो. कधी पंधरा तासांचं स्वस्त तिकीट मिळालं, तर घ्यायला हरकत नाही.